जयूताईंचा निषेध

जयू पोतनीस लग्न होऊन उज्जैनला आली तेव्हा तिच्या सामानात मल्लखांबाचा दोर होता. सासरच्या बायकांना वाटलं, नव्या सुनेनं वाळत घालायची दोरी माहेराहून आणलीय. एका चुलत सासूबाईंनी तो दोर गच्चीवर बांधून त्यावर सतरंज्या टाकल्यासुद्धा. जयू नवी होती, काही बोलली नाही. एका सकाळी मात्र तिनं सतरंज्या घडी करून ठेवल्या, दोर सोडवला, मागच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला बांधला आणि सलवार-कुर्त्यावर ओढणी कमरेला घट्ट आवळून वर चढली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. अरविंद अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला. बायको पायाच्या अंगठ्यात दोर धरून उलटी लोंबकळत होती. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चहा पिऊन चढली असतीस तरी चाललं असतं."

पुढे इतकी वर्षं संसार झाला, पण मल्लखांबाबद्दल अरविंदनं तिला याहून जास्त कधी काही ऐकवलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला ऐकवू दिलं नाही.

पोतनीस मंडळी शिंद्यांच्या दरबाराबरोबर इकडे आलेली. आता त्या दरबाराची खूण म्हणजे आडनाव तेवढं उरलं होतं. अरविंद वीज कंपनीत बिलांच्या खात्यात होता. फ्रीगंजमध्ये राहायचा, हिंदीत विचार करायचा आणि घरात मराठी बोलायचा. त्याच्या मराठीला जयू सुरुवातीला हसायची. "मी आत्ताच ऑफिसातून येऊन राहिलो" म्हणाला की ती म्हणे, "येऊन राहिलात तर राहा आता." हळूहळू तीही तसंच बोलायला लागली. बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे तिची हिंदी कुठे अडायची नाही. भाजीवाल्याशी ती माळवी ढंगात घासाघीस करायची. मुलगी ऋता इथेच हिंदी माध्यमात शिकून पुण्याला नोकरीला गेली, तेव्हा तिथल्या मुली तिला "तू मराठीच ना?" असं विचारायच्या.

जयूचं माहेर सांगलीकडचं. वडील सूतगिरणीत फिटर आणि युनियनचे पुढारी. मोर्चा निघाला की लेकीला खांद्यावर घेऊन जायचे. गिरणीच्या फाटकासमोर माणसं मुठी वळून ओरडायची, "निषेध असो, निषेध असो," आणि खांद्यावरची पोर सगळ्यांच्या मागून एकटीच ओरडायची. 'आई' आणि 'पाणी' यांच्यानंतर आमच्या जयूला तिसरा शब्द 'निषेध' आला, असं वडील पाहुण्यांना सांगत. गिरणी बंद पडली, युनियन फुटली, वडील गेले. शब्द तेवढा तिच्यापाशी राहिला, आणि तो वापरायची वेळ उज्जैनमध्ये तिच्यावर कधी आली नव्हती.

फ्रीगंजच्या पलीकडे बंद पडलेल्या एका सरकारी शाळेमागे मैदान होतं. तिथे जयूनं मुलींना शिकवायला सुरुवात केली. आधी एक दोर, मग देणगीतून आणलेला सागवानी खांब, मग वरती पत्रा. कुणाकडे लेखी परवानगी मागितली नाही आणि कुणी ती विचारलीही नाही. शाळेचा चौकीदार सकाळी फाटक उघडून द्यायचा. मुली यायच्या त्या बहुतेक साध्या घरांतल्या. त्यांच्यात निहारिका पंवार ही सगळ्यांत तयारीची. भैरवगढहून तिचे वडील, मांगीलाल, तिला ई-रिक्षात घालून आणायचे आणि तिथूनच भाविकांच्या फेऱ्यांना लागायचे. पोरगी लहान असल्यापासून जयूच्या हाताखाली होती. राज्य पातळीवर पदक घेतलं, आणि आता पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. अंगानं काटक, बोलायला कमी. दोरावर चढली की मात्र खालची माणसं बोलायची थांबत.

एका सकाळी मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. चौकीदार म्हणाला, "यहाँ पार्किंग बनेगी, दीदी. यात्रियों की गाड़ियों के लिए."

गावात गाड्यांचा पूर आला होता हे खरंच होतं. सुट्टीच्या दिवशी गल्लीगल्लीत बाहेरगावच्या गाड्या उभ्या, माणसाला आपल्याच दारातून बाहेर पडता येऊ नये अशी स्थिती. पण जागा काय एवढीच होती? जयू काम काढणाऱ्या सरकारी कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, मल्लखांब हा तर आपल्या राज्याचा खेळ आहे असं अभिमानानं सांगितलं, आणि म्हणाले की काम वरून मंजूर झालेलं आहे. ती परत गेली तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्यांदा गेली तेव्हाही दौऱ्यावरच होते. खिडकीतून ते चहा पिताना दिसत होते.

तिनं पालकांची सभा बोलावली. चारदोन आया आल्या आणि मांगीलाल आले. आयांनी मान हलवली. मांगीलाल खरं ते बोलले.

"दीदी, पार्किंग बनेगी तो मेरी सवारी बढ़ेगी. झूठ क्यों बोलूँ. पर लड़की का मैदान जाएगा, यह भी दिखता है."

"तो आप किस तरफ़ हैं?" जयूनं विचारलं.

"मैं तो रिक्शा की तरफ़ हूँ," ते म्हणाले आणि जरासे हसले. "लड़की आपकी तरफ़ है. उसको मना नहीं करूँगा."

त्या संध्याकाळी जयू घरी आली ती धुमसतच. अरविंद कंपनीच्या कामानं भोपाळला गेला होता. घरात बोलायला कुणी नव्हतं. ती तशीच पर्स उचलून टावर चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती, वाढदिवसांचे आणि स्वागताचे फलक एकामागून एक छापले जात होते. संगणकावर बसलेल्या पोरसवदा कारागिरानं मान वर न करता विचारलं, "क्या लिखना है, मैडम?"

"लिखिए," जयू म्हणाली. "पार्किंग निषेध."

"बस, इतना ही?"

"इतना ही. बड़े अक्षरों में. लाल."

त्यानं लिहिलं, पडद्यावर दाखवलं. मग स्वतःच्याच मनानं एका कोपऱ्यात लाल वर्तुळ काढून त्यात आडवी रेघ मारलेला P टाकला. "यह भी डाल देता हूँ, अच्छा लगेगा." जयूला ते पटलं. पोरगं समजूतदार वाटलं तिला, न सांगता तिच्या बाजूचं वाटलं. फलक गुंडाळून काखेत धरून ती घरी निघाली तेव्हा पुष्कळ दिवसांनी वडिलांची आठवण आली आणि पाऊल हलकं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आणि मुलींनी मिळून तो फलक मैदानाच्या फाटकावर ताणून बांधला. निहारिकानं गाठी मारल्या. तिची गाठ कधी सुटायची नाही. फलकाखाली सगळ्या जणींचा फोटो काढला.

मग जयू फाटकाशी उभी राहिली. माणसं थांबतील, विचारतील, काय झालं, का विरोध करताय. विचारलं की काय सांगायचं ते तिनं मनात घोकून ठेवलं होतं. मुलींना सोडायला आलेल्या आया स्कूटर लावता लावता फलकाकडे बघायच्या आणि स्कूटर काढून रस्त्यापलीकडे लावायच्या. जयूला वाटलं, घाबरतायत. एक बाहेरगावची गाडी थांबली, आतल्या माणसानं काच खाली करून फलक वाचला आणि गाडी पुढे नेली. कोपऱ्यावरचा कचोरीवाला मुद्दाम चालत आला आणि म्हणाला, "बहुत अच्छा किया मैडम. यहाँ गाड़ियाँ बहुत खड़ी होने लगी थीं."

"आप साथ हैं न?" जयूनं विचारलं.

"बिलकुल," तो म्हणाला आणि परत कढईकडे गेला.

दिवस असाच गेला. विचारायला कुणी आलं नाही, भांडायलाही नाही. संध्याकाळी तिनं तो फोटो ऋताला पाठवला. ऋताचं उत्तर लगेच आलं: "छान. पण आई, नो पार्किंगच्या बोर्डासोबत फोटो कशाला?"

जयूनं ते वाचलं आणि तिला आधी हसू आलं. मग ती फोन हातात घेऊन खाली बसली. हा शब्द तिला माहीत नव्हता असं नाही. इतकी वर्षं ती 'प्रवेश निषेध', 'धूम्रपान निषेध' असल्या पाट्यांखालून ये-जा करत होती. त्या पाट्यांवरचा निषेध म्हणजे मनाई, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण तो शब्द वेगळा आणि वडिलांच्या खांद्यावरचा वेगळा. एकाच तोंडवळ्याच्या दोन बायका असाव्यात तसे ते दोन शब्द तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होते, आणि त्या दिवशी दुकानात नेमकी कोण पुढे झाली ते तिला कळलं नव्हतं. रागावलं की माणूस माहेरच्या भाषेत रागावतं.

सकाळी जाऊन फलक काढायचा आणि 'विरोध' लिहिलेला नवा करायचा, असं ठरवून ती झोपली.

सकाळी ती पोचली तेव्हा फाटकाशी जीप उभी होती. झालं होतं ते असं: उजाडता उजाडता ठेकेदाराचा ट्रक फरशा घेऊन आला. चालक परगावचा. त्यानं फाटकावर आडवा बांधलेला फलक वाचला, आपण चुकीच्या जागी आलो असं समजून ट्रक परत नेला आणि कुठेतरी नाल्याकाठी फरशा उतरवून मोकळा झाला. ठेकेदारानं तक्रार केली की शासकीय जमिनीवर खाजगी माणसांनी मनाईचा बोर्ड लावून काम थांबवलं. कार्यालयाचे लोक पोलिसांना घेऊन आले. त्या वेळी मैदानात एकटी निहारिका सराव करत होती.

"यह बोर्ड किसका है?" त्यांनी विचारलं.

निहारिका दोरावरून खाली आली, हात पुसले आणि सरळ उभी राहून म्हणाली, "हमारा है, सर."

तिचं नाव लिहून घेतलं गेलं. मग जयूचं.

ठाण्यातला अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्याची रात्रपाळी संपत आली होती आणि त्याला घरी जायचं होतं. त्यानं दोघींसाठी चहा मागवला, जयूला पंख्याखाली बसवलं आणि म्हणाला, "मैडम, आपने क्या किया, अपने शब्दों में बता दीजिए. मैं लिखता जाता हूँ."

"मैंने निषेध किया," जयू म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिच्या लक्षात आलं. "मतलब, विरोध. हम मराठी में निषेध कहते हैं. पार्किंग के निर्णय का निषेध."

"तो पार्किंग का निषेध किया."

"नहीं, मनाई नहीं. विरोध. शांतिपूर्वक."

"मैडम, बोर्ड पर क्या लिखा है?"

"निषेध."

"और आपने पहले क्या बोला?"

"निषेध. पर मराठी में…"

"बयान हिंदी में होता है, मैडम," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "जो बोर्ड पर लिखा है और जो आपने बोला, दोनों एक ही हैं. अब मैं तीसरी बात लिखूँगा तो साहब पूछेंगे कि यह कहाँ से आई."

चहा आला. निहारिका कप हातात धरून जमिनीकडे बघत होती. जयूनं लिहिलेलं वाचलं. प्रत्येक शब्द तिनंच बोललेला होता. खोटं म्हणावं असं त्यात काही सापडेना. तिनं सही केली आणि तिच्याखाली निहारिकानं केली. दोघींवर काम अडवल्याचं प्रकरण दाखल झालं.

अरविंद भोपाळहून आला तेव्हा त्यानं चष्मा लावून जबाबाची नक्कल वाचली. "मैंने पार्किंग का निषेध किया," त्यानं मोठ्यानं वाचलं. "जयू, हे तू कबूल करून आली आहेस. तू काम थांबवलंस असं तूच सांगून राहिली आहेस."

"मला म्हणायचं होतं…"

"तुला काय म्हणायचं होतं ते मला समजतं. पण हिंदीत याचा अर्थ काय होतो, तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

अरविंदनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "मी घरी असतो तर तुला सांगितलं असतं. एक फोन करायचास."

वकील अरविंदच्या ओळखीतलेच होते. त्यांनी कागद चाळले आणि सांगितलं, "पोतनीस मैडम, विरोध करने का आपको अधिकार है. रोकने का किसी को नहीं है. आपने विरोध किया होता तो मैं आज ही सब ठीक करवा देता. आपने तो लिखकर दे दिया कि रोका." मग बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं की हा विरोध होता असं सांगायला आणखी कुणी पालक साक्षीला येतील का. जयू घरोघर गेली. आयांनी तिला आत बोलावलं, सरबत दिलं, आणि एकीनं अगदी निर्मळ मनानं सांगितलं, "दीदी, हमें तो पता ही नहीं था कि कोई आंदोलन है. हमने सोचा, गाड़ी मत खड़ी करो बोल रहे हैं. हम तो हटा भी लेते थे."

तोवर मैदानाचं काम सुरू झालं होतं. जयू एकदाच तिकडे गेली. खांब उखडून भिंतीला टेकवून ठेवला होता. आडवा ठेवला असता तर कुजला असता, तेवढी काळजी कुणीतरी घेतली होती. तिनं मजुरांना विचारलं, घेऊन जाऊ का. ते म्हणाले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, पंचनाम्यात आहे, हलवता येणार नाही. पुढे खांब कुठे गेला ते कळलं नाही. मुली पांगल्या. दोघी-तिघी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका आखाड्यात जाऊ लागल्या, मग त्यांनीही सोडलं. घरच्या अंगणात शिकवावं म्हणून जयूनं काहींना निरोप पाठवले. आयांनी 'हो, हो' म्हटलं. पोलिसांचं नाव निघालेल्या घरी मुलगी कोण पाठवणार?

भरतीचा निकाल लागला. निहारिका धावण्यात, उडीत, सगळ्यात पास झाली होती. यादीत तिचं नाव होतं. मग निवड झालेल्यांच्या घरोघरी पोलिसांची चौकशी सुरू झाली आणि तिच्या नावापुढे प्रकरण प्रलंबित असल्याचा शेरा आला.

मांगीलाल जयूच्या घरी आले ते भर दुपारी. ई-रिक्षा खाली उभी केली होती. खुर्चीवर बसा म्हटलं तरी दाराशीच उभे राहिले.

"दीदी, मैं पढ़ा-लिखा नहीं हूँ. मुझे एक बात समझा दो. लड़की ने किया क्या?"

जयूनं सांगितलं. शब्द एकच, पण तिच्या भाषेत त्याचा अर्थ एक आणि इथल्या भाषेत दुसरा. तिच्या भाषेत तो म्हणजे, तुम्ही करताय ते आम्हाला मान्य नाही, असं उभं राहून सांगणं. इथल्या भाषेत तो म्हणजे, करायचं नाही, खबरदार. हे सांगताना तिच्या लक्षात आलं, हे सगळं तिनं मुलींना कधी सांगितलंच नव्हतं. फलक बांधताना त्यांना फक्त एवढं म्हणाली होती की घट्ट बांधा.

मांगीलालांनी नीट ऐकून घेतलं. "तो एक शब्द ग़लत था."

"हाँ."

"तो सही शब्द लिख दो, दीदी. जाकर लिख दो."

इतकं साधं तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि इतकं अवघडही. ती दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेली. साहेब या वेळी भेटले. तिनं स्वच्छ अक्षरात लिहून नेलं होतं की आपला हेतू निर्णयाला विरोध करण्याचा होता, काम अडवण्याचा नव्हता, आणि निहारिका पंवार हिचा त्यात काही दोष नाही, तिला क्षमा करावी. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"यानी आप शासन के निर्णय के विरोध में थीं."

"जी. विरोध में."

"यह मत दीजिए," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "अभी तो सिर्फ़ बोर्ड का मामला है. यह दे दिया तो कहेंगे, पहले से सोचा-समझा हुआ था. आप लिखिए कि हमारा कोई विरोध नहीं था, ग़लतफ़हमी में बोर्ड लग गया. फिर लड़की के नाम का मैं देखता हूँ."

जयूनं कोरा कागद पुढे ओढला. साहेबांनी आपलं पेन पुढे केलं. शेवटी तिनं लिहिलं: हमारा पार्किंग से कोई विरोध नहीं था. शब्द अचूक होता, जागाही अचूक होती. कुणाला काढता येईल अशी एकही चूक त्या वाक्यात नव्हती. तिनं सही केली. घरी येऊन तिनं अरविंदला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ठीक केलंस. पोरीचं काम होऊन जाईल."

झालं नाही. साहेबांची महिन्याभरात बदली झाली. नव्या साहेबांना प्रकरण ठाऊक नव्हतं आणि त्यांना ते ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. कागद मात्र फायलीत लागला होता. पुढच्या सुनावणीला तो समोरच्या वकिलानं वाचून दाखवला: आरोपी स्वतःच लिहून देतात की त्यांचा विरोध नव्हता, म्हणजे हे कसलंही आंदोलन नव्हतं, कारणाशिवाय काम थांबवलेलं होतं. जयूचे वकील तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "यह मुझसे पूछकर देना था, मैडम."

भरतीची यादी पुढे सरकली. निहारिकाच्या जागी दुसरं कुणी लागलं. वय निघून गेलेलं नव्हतं, पुढच्या भरतीला बसता आलं असतं. पण प्रकरण तेव्हाही प्रलंबितच असणार हे सगळ्यांना दिसत होतं. ती महाकालच्या बाजूला एका होम-स्टेत पाहुण्यांची नोंद घ्यायच्या कामाला लागली. जयूनं पहिले काही आठवडे तिला फोन केले. ती उचलायची, "हाँ दीदी, ठीक हूँ" म्हणायची. मग गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवायला लागली. मग उचलेनाशी झाली. जयूला तिचा राग आला असता तर बरं वाटलं असतं. राग यावा असं त्या मुलीनं काहीच केलं नव्हतं.

ऋता दिवाळीला आली तेव्हा आईला म्हणाली, "इथे काय ठेवलंय आता? पुण्याला या दोघं. तिथे दहा ठिकाणी शिकवशील." अरविंदनं जयूकडे पाहिलं. जयू म्हणाली, "तारखा आहेत." ऋताला वाटलं ती टाळतेय, आणि ते खरंही होतं. पुण्याला जाऊन मुलींपुढे उभं राहायचं तर पहिल्या दिवशी त्यांना काय सांगायचं, तेच तिला सुचत नव्हतं.

त्यानंतरच्या एका तारखेला जयू कोर्टात लवकर पोचली. व्हरांड्यातल्या बाकावर निहारिका आधीच येऊन बसली होती. होम-स्टेचा निळा कोट अंगात होता. कामावरून थेट आली होती. जयू तिच्या शेजारी बसली.

"कैसी हो?"

"ठीक हूँ, मैडम."

आजवर तिनं कधी मैडम म्हटलं नव्हतं. जयूनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"पापा?"

"बाहर हैं. गाड़ी में. अंदर नहीं आते."

दोघी बसून राहिल्या. नावं पुकारली जात होती, त्यांचं येत नव्हतं. जयूला खूप बोलायचं होतं. रात्री पडल्यापडल्या ती ते मनात जुळवायची. कधी मराठीत जुळायचं, कधी हिंदीत, आणि दोन्हीत ते शेवटी माफी मागण्यापाशीच येऊन थांबायचं. बाकावर बसल्यावर मात्र ते दोन्ही भाषांत परकं वाटलं. तिनं निहारिकाच्या कोटाच्या बाहीवरचा दोरा काढून टाकला. निहारिकानं हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही.

दुपारी उशिरा शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, जजसाहेब आज बसणार नाहीत, पुढची तारीख मिळेल. निहारिकानं घड्याळ पाहिलं. तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती आणि ती संपून गेली होती.

"मैडम, अगली तारीख़ पर मेरा आना ज़रूरी है क्या? छुट्टी नहीं देते."

जयूला ते माहीत नव्हतं. "वकील साहब से पूछती हूँ," ती म्हणाली आणि उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. वकील कुठे दिसले नाहीत. त्यांच्या मुनशीनं, म्हणजे कारकुनानं, सांगितलं की ते केव्हाच दुसऱ्या कोर्टात निघून गेले. जयू परत येऊन निहारिकाला म्हणाली, "पूछकर बताऊँगी."

"जी," निहारिका म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.